टूं टूं टूं टीं

डोक्याला लावलेलं ते जेल तीनदा शांपू केला तरी निघत नाही, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. माझी मावसबहीण पीएचडी करतेय, आवाज आणि मेंदू असलं काहीतरी, आणि त्या महिन्यात तिला प्रयोगाला माणसं कमी पडत होती. "दादा, नुसतं बसायचंय रे दीड तास, काही म्हणजे काही करायचं नाही." नुसतं बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही, म्हणून गेलो.

पोहताना घालतात तशी एक घट्ट टोपी तिने डोक्यावर चढवली, फक्त हिला जागोजागी भोकं आणि त्या भोकांतून वायरी. प्रत्येक भोकात सिरिंजने गार जेल. कानात इअरफोन. समोर स्क्रीनवर एक सिनेमा, आवाज बंद केलेला, खाली अक्षरं. सूचना एवढीच की सिनेमा बघ, कानात जे काय वाजेल तिकडे लक्ष देऊ नकोस, दात चावू नकोस आणि पापण्या शक्यतो कमी लवव. कारण मेंदूचा सिग्नल मायक्रोव्होल्टमधला, आणि पापणी एकदा लवली की तिच्या स्क्रीनवर डोंगर उभा राहतो म्हणे. आता पापणी लववू नकोस म्हटल्यावर माणसाला दुसरं काही सुचतं का, तर नाही.

मग सुरू झालं. टूं. टूं. टूं. टूं. अर्ध्या सेकंदाला एक. मधेच कधीतरी टीं, जरासा वरच्या पट्टीतला, आणि परत टूं टूं टूं. पहिली दोन-तीन मिनिटं मला वाटलं की आपल्याला हे काही जमणार नाही, उठून जावं लागणार. मग सिनेमात एका माणसाचं कुत्रं हरवलं, तो ते शोधायला लागला, मी त्याच्याबरोबर शोधायला लागलो, आणि वीस मिनिटांनी ती दार उघडून आत आली आणि म्हणाली, पहिला राउंड झाला, टीं किती वेळा वाजलं असं वाटतं? मी म्हटलं, टीं अजून वाजत होतं?

ती हसली. सगळे हेच म्हणतात म्हणे.

मग तिने काही दिवसांनी मला माझा ग्राफ दाखवला. माझा म्हणजे माझ्या डोक्याचा. एकेका बीपचा परिणाम इतका बारीक असतो की मेंदूच्या बाकीच्या गोंगाटात तो दिसतच नाही, म्हणून शेकडो बीपांचे तुकडे एकावर एक ठेवून ॲव्हरेज काढतात, गोंगाट एकमेकांना कापून जातो आणि जे दर वेळी सारखं घडतंय तेवढंच मागे उरतं. दोन रेषा होत्या. निळी टूं ची, लाल टीं ची. बीपनंतर शंभर मिलिसेकंदांच्या आसपास दोन्हींत एक लाट, तिला एन-वन म्हणतात, आवाज पोचल्याची पावती समजा. आणि मग दीडशे-दोनशे मिलिसेकंदांपासून दोन रेषा फुटून वेगळ्या व्हायच्या, लाल एकीकडे जायची आणि निळी आपली शांतपणे शून्याकडे परत. मधे जी फट पडली तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे बघ, तुला नाही ऐकू आलं, पण ह्याला आलं."

ह्याला म्हणजे कोणाला? तिथे माझी जरा गंमतच झाली. मी सिनेमा बघत होतो, कुत्रं शोधत होतो, आणि माझ्याच डोक्यात कोणीतरी एक कारकून बसून प्रत्येक टीं ची नोंद करत होता. मला न विचारता. मला न सांगता.

ह्या फटीचं नाव मिसमॅच निगेटिव्हिटी, लॅबमधली पोरं एमएमएन म्हणतात. फिनलंडचे रिस्टो नॅटॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती पहिल्यांदा नीट मांडली. हिची खासियत हीच की लक्ष द्यावं लागत नाही. पुस्तक वाचत असा, सिनेमा बघत असा, फट पडते. कोमातल्या पेशंटमध्ये सुद्धा ती शोधतात, आणि सापडली तर माणूस शुद्धीवर यायची शक्यता चांगली असते. नाही सापडली तर मात्र त्यावरून फारसं काही म्हणता येत नाही.

मला मात्र लाल रेषेपेक्षा निळीचं जास्त वाटत राहिलं. त्या बिचाऱ्या टूं चं काय? पहिला टूं कानावर पडला तेव्हा मेंदूने त्याचं स्वागत जोरदार केलेलं असतं. दुसऱ्यालाच ते घसरतं. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत एन-वन लाट बसते ती बसतेच, मधे काही सेकंद पूर्ण शांतता दिली तरच परत उभी राहते. आणि पुढचे हजार टूं नुसते येतात आणि जातात. रोज मरे त्याला कोण रडे. ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटली त्याला इलेक्ट्रोड लावायची गरज पडली नव्हती.

ह्या विषयावर वाचायला लागलो तर पहिल्यांदा भेटली मांजरं. ह्या क्षेत्रात मांजरांनी फार सोसलंय. १९५६ मध्ये सेठ शार्पलेस आणि हर्बर्ट जॅस्पर ह्यांनी झोपलेल्या मांजरांना एक सूर ऐकवला. मांजर जागं झालं, म्हणजे त्याच्या मेंदूतल्या लाटा झोपेच्या होत्या त्या जागेपणाच्या झाल्या. परत झोपलं, परत तोच सूर, परत जाग, पण थोडी कमी वेळ. असं करत करत एक वेळ अशी आली की सूर वाजतोय आणि मांजर ढिम्म. आता तुम्ही म्हणाल दमलं असेल, झोप लागली असेल गाढ. पण त्यांनी मग वेगळ्या पट्टीचा सूर वाजवला आणि मांजर टक्क जागं. म्हणजे झोप काही एवढी गाढ नव्हती. त्या एकाच सुराला मांजर झोपलेलं होतं, बाकी जगाला जागं होतं.

हे वाचून मी दोन दिवस येताजाता लोकांना सांगत होतो. बायको म्हणाली, तुझं तसंच आहे, मी हाक मारली की तुला ऐकू येत नाही आणि फोन टुंग वाजला की तीन खोल्या पलीकडून येतोस. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण हे होतं कसं, ह्यावर मात्र भांडण आहे आणि ते मला फार आवडलं. एक बाजू म्हणते, सोपं आहे, थकवा. टूं ला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आणि जोडण्या सारख्या वापरून मंदावतात, टीं च्या ताज्या असतात, म्हणून टीं ला जोर. ह्याला आधारही चांगला आहे. जेरुसलेममध्ये उलानोव्स्की, लास आणि नेल्केन ह्यांनी २००३ मध्ये मांजराच्या श्रवण-मेंदूतल्या एकेका पेशीचं ऐकलं (परत मांजर!), तर पेशी वारंवार येणाऱ्या सुराला गप्प व्हायच्या आणि क्वचित येणाऱ्याला उसळायच्या, आणि दोन्ही सुरांची अदलाबदल केली की पेशींचं वागणंही उलटायचं. त्याच्याही आधी एरिक कॅन्डेल ह्यांनी समुद्री गोगलगायीवर जे काम केलं, ज्याच्यासाठी त्यांना २००० सालचं नोबेल विभागून मिळालं, त्यात हेच दिसलं होतं. गोगलगायीला आवाज नाही, पाण्याची हलकी चिळकांडी मारायचे, ती कल्ला आत ओढून घ्यायची, परत परत मारली की ओढणं कमी, आणि कारण असं की एका पेशीकडून दुसरीकडे जाणारं रसायनच कमी सुटायला लागतं. दहाएक वेळा मारलं तर हा विसर थोडा वेळच टिकतो. पण मधे मधे विश्रांती देऊन चार बैठका घेतल्या तर तो आठवडेच्या आठवडे टिकतो. विसर म्हटलं खरं, पण खरं तर ती आठवणच आहे ना. एवढ्याशा गोगलगायीला लक्षात राहिलं की ह्याच्यात काही दम नाही.

दुसरी बाजू म्हणते, थकवा असेल हो, पण तेवढ्याने भागत नाही. मेंदू अंदाज बांधतो. पुढे काय येणार ते तो आधीच लिहून ठेवतो, आलेलं त्याच्याशी ताडून बघतो, जुळलं तर फाईल बंद. मॉस्कोचे येवगेनी सोकोलोव्ह ह्यांनी १९६० च्या आसपासच हे म्हटलं होतं, की मेंदूत उद्दीपनाचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या आवाजाचा वगैरे, एक नमुना तयार होतो आणि त्याच्याशी न जुळणारं काही आलं की प्राणी कान टवकारतो. थकव्यावर ह्यांची हरकत अशी. समजा सगळे टूं सारखे आणि मधेच एक टूं हळू आवाजात. थकलेल्या पेशी हळू आवाजाला जास्त कशा उसळतील? पण फट पडते. आणि मला सगळ्यात आवडलेलं हे, की टूं टीं टूं टीं टूं टीं असं आलटून पालटून वाजवत राहायचं आणि मधेच टूं टूं. म्हणजे आता पुनरावृत्ती हीच गडबड. आत्ताच वाजलेलाच सूर परत वाजलाय, थकवा म्हणाल तर त्याला प्रतिसाद कमी यायला हवा, पण तिथेही फट पडते. कारकुनाला सूर नाही, चाल पाठ झालेली असते.

मावसबहिणीला विचारलं तू कोणत्या बाजूची. म्हणाली दोन्ही, आणि गाईडसमोर त्यांच्या बाजूची.

आता इथे एक गोष्ट मला खटकत होती. हे सगळं खरं असेल तर मग नळाचं काय? आमच्या बाथरूमचा नळ गळायचा. टप्प. टप्प. आवाज एवढासा. ह्या हिशोबाने दुसऱ्या रात्री मला तो ऐकू यायला नको होता. झालं उलटंच, पहिल्या रात्री ठीक होतं, तिसऱ्या रात्री मी टॉवेल घालून आलो, पाचव्या रात्री टॉवेलवर पडणाऱ्या थेंबाचाही आवाज यायला लागला, आणि तो येत नव्हता हे मला माहीत असूनही येत होता. पंखा मात्र डोक्यावर खटखट करत असतो, त्याची कडी सैल आहे, पाहुणे आले की वर बघत बसतात, मला काही नाही.

तर ह्याला उत्तर आहे. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर ह्यांनी १९६६ मध्ये सवयीची नऊ लक्षणं एकत्र मांडली, आणि त्यात असं होतं की उद्दीपन जितकं सौम्य तितकी सवय लवकर, फार जोरदार असेल तर होणारही नाही. मग १९७० मध्ये ग्रोव्हज आणि थॉम्पसन ह्यांनी म्हटलं की प्रत्येक आवाजाबरोबर दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, एक त्या आवाजाचा प्रतिसाद बोथट करत जाते आणि दुसरी सगळ्या शरीराचीच धार वाढवते, आणि बाहेर जे दिसतं ती दोन्हींची बेरीज. माझं मत विचाराल तर नळाच्या बाबतीत दुसरी जिंकली ती थेंबामुळे नाही, माझ्या वाट बघण्यामुळे. थेंबाथेंबातलं अंतर सारखं नव्हतं. आता पडेल, आता पडेल म्हणून मी ताणून पडलेलो, आणि पडला की चिडायचो, आणि चिडलो की पुढच्यासाठी आणखी तयार. कारकुनाला सांगितलं होतं की ह्या फाईलवर नजर ठेव, तो ठेवत होता बिचारा. पंख्यावर नजर ठेवायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

(वॉशर बदलला. पाच मिनिटांचं काम. सहा महिने टॉवेल घालत होतो.)

आणि शब्दांचं तर विचारूच नका. कुठलाही शब्द घ्या, खिडकी म्हणा, आणि वीस-तीस वेळा सलग म्हणत बसा. खिडकी खिडकी खिडकी. थोड्या वेळाने तो शब्द राहतच नाही, नुसता काहीतरी किडक्या लाकडासारखा आवाज उरतो. रिचर्ड वॉरन आणि रिचर्ड ग्रेगरी ह्यांनी १९५८ मध्ये टेपचं वेटोळं करून एकच शब्द लोकांना सलग ऐकवला, टेप तीच, पण लोकांना मधेच भलतेच शब्द ऐकू यायला लागले. इंग्रजी 'रेस्ट' लावून ठेवला की काही वेळाने 'स्ट्रेस' ऐकू येतो, हे मला तरी अगदी पटलं. आणि आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतायत, मरा मरा म्हणत बसला आणि राम राम झालं. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. आता वाटतं, वाल्याचं माहीत नाही, पण गोष्ट रचणाऱ्याचा कान तिखट होता.

त्यापुढचं म्हणजे डायना डॉइच ह्यांचं. १९९५ मध्ये त्या स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या बोलण्यावर काम करत होत्या, एक तुकडा लूपवर चालू राहिला, आणि काही वेळाने त्यांना वाटलं खोलीत कोणीतरी गातंय. साधं बोललेलं वाक्य. नुसतं परत परत वाजलं तर गाणं झालं. म्हणजे पुनरावृत्तीने नेहमी आवाज मरतोच असं नाही, कधी कधी अर्थ बाजूला होतो आणि खाली दबलेला सूर वर येतो.

जपानमधल्या झेन गुरूंवरचा एक प्रयोग आहे, १९६६ चा, कासामात्सु आणि हिराई ह्यांचा. ध्यानात बसलेल्या माणसाजवळ ठरावीक वेळाने क्लिक करायचे. साध्या माणसांचा प्रतिसाद काही क्लिकांत ओसरला, गुरूंचा मात्र प्रत्येक क्लिकला पहिल्यासारखाच ताजा राहिला. वाचलं आणि मी भारावलोच, काय सुंदर कल्पना आहे, प्रत्येक आवाज पहिल्यांदाच. मग कळलं की १९८१ मध्ये बेकर आणि शपिरो ह्यांनी झेन, योग सगळ्यांना बसवून परत करून बघितलं तर सगळ्यांनाच सवय झाली, साध्या माणसांसारखीच. मला थोडं वाईट वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, कारण प्रत्येक आवाज पहिल्यांदाच ऐकू यायला लागला तर माणूस संध्याकाळपर्यंत वेडा होईल.

हे सगळं मी एवढं का वाचत बसलो, तर त्याला कारण बाबा.

बाबांनी सिगारेट सोडून वीस वर्षं झाली, खोकला मात्र सिगारेटने मागे ठेवला. रात्री दोन-तीनदा येतो. ठरलेला आहे. खक्, खक्, आणि मग घसा साफ करत एक हम्म. मी कधीमधी राहायला गेलो की पहिल्या रात्री हमखास जाग येते. आई त्यांच्या शेजारच्या पलंगावर पस्तीस वर्षं झोपतेय, तिला ढिम्म. सकाळी मी म्हणतो, काल बाबा फार खोकत होते गं, तर ती विचारते, खोकले का?

मागच्या वर्षी अशाच एका रात्री आईने मला हलवून उठवलं. तीन वाजले होते. म्हणाली, ह्यांना दवाखान्यात नेऊया. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, खोकला नेहमीचा नाहीये. त्या आधी तासभर मी स्वतः तो खोकला ऐकत जागा होतो, म्हणजे जागाच, मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं, उलट आवाज नेहमीपेक्षा हळूच होता. खक् होतं, पण ओलं. आणि शेवटचं हम्म नव्हतं. झोपलेल्या बाईला ते कळलं आणि जाग्या माणसाला नाही.

न्यूमोनिया निघाला. वेळेत आणलंत म्हणाले.

तिथे बाबांना मॉनिटर लावला होता आणि खोलीत अजून तीन पेशंट, तीन मॉनिटर. पहिल्या रात्री प्रत्येक बीपला मी उभा राहत होतो. सिस्टर येऊन बटण दाबून जायच्या, बोटाचा क्लिप सरकला होता, हात हलला होता, असलं काहीतरी. तिसऱ्या रात्री मला एकही बीप ऐकू आला नाही, खुर्चीत मस्त झोपलो, सकाळी लाजच वाटली. नंतर वाचलं की वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये हॉस्पिटलमधल्या अलार्मपैकी ७२ ते ९९ टक्के खोटे निघालेत. इतकी वेळा लांडगा आला म्हटल्यावर कोणाचा कान टिकेल? पण सिस्टरांचा टिकला होता, एका रात्री पलीकडच्या आजोबांचा मॉनिटर वाजला, माझ्या कानाला तो बाकीच्यांसारखाच, आणि त्या धावत आल्या. चालत नाही, धावत.

१९६० मध्ये ऑस्वाल्ड, टेलर आणि ट्राइझमन ह्यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली होती. स्वतःचं नाव आलं की झोपेतच मेंदूतली लाट उसळायची, लोक मुठी सुद्धा वळायचे, बाकी नावांना कमी. घरी आल्यावर मी आईला हे सगळं सांगितलं, टूं टूं टीं, मांजर, मुठी, मिसमॅच का काय ते, चांगलं हातवारे करून. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मग त्यात एवढं काय, पस्तीस वर्षं ऐकतेय. आणि बाबांना म्हणाली, अहो, गोळी घेतलीत का.

बाबा आता बरे आहेत. खोकला परत आपल्या जागी. मी हल्ली शनिवार-रविवार तिथेच असतो, आणि पंचाईत अशी झालीय की आता मला झोप लागत नाही. कारकुनाला फाईल दिली गेलीय. रात्री कधीतरी खक् येतं, मग दुसरं खक्, आणि मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, श्वास धरून, आता येईल, आता येईल. हम्म. आई पलीकडे घोरत असते.